विश्लेषण : संगणकावर अचूक बसणारे पत्र्याचे झाकण प्रत्यक्षात का अडते?

विजेच्या मीटरची पेटी, संगणकाचे कॅबिनेट, लिफ्टचे बटण-पॅनेल, कार्यालयातले कपाट, एसीचे बाहेरचे आवरण. या साऱ्या वस्तू सपाट पत्रा कापून आणि ठरावीक जागी वाकवून तयार होतात. त्यांचे आराखडे आता कॅड सॉफ्टवेअरमध्ये बनतात. तिथे दोन-तीन क्लिकमध्ये ९० अंशांचा सुबक बेंड तयार होतो, पेटीवर झाकण अलगद बसते आणि पत्रा किती लांब कापायचा याचे मापही सॉफ्टवेअरच काढून देते. तरीही लेझरवर कापलेला आणि प्रेस ब्रेकवर वाकवलेला तोच भाग कधी एक, तर कधी दोन मिलिमीटरने चुकतो. ड्रॉइंग तपासले तर बरोबर, कापणी बरोबर, कोनही बरोबर. झाकण मात्र बसत नाही. एका नगात एवढी चूक खपून जाईल. पन्नास किंवा पाचशे नगांच्या ऑर्डरमध्ये ती थेट भंगारात जाते. ही चूक नेमकी कुठे जन्म घेते आणि ती कशी टाळायची?

पत्रा वाकतो तेव्हा काय घडते?

जाड पुठ्ठा वाकवला की बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली बाजू दबून चुरगळते. पत्र्याचेही तसेच होते. बाहेरचा थर लांबतो, आतला थर आखडतो. या दोन्हींच्या मधे असा एक थर असतो, जो ना लांबतो ना आखडतो. त्याला तटस्थ रेषा म्हणतात. वाकवण्याआधी आणि वाकवल्यानंतर तिची लांबी तेवढीच राहते. म्हणून सपाट पत्रा किती लांब कापायचा, हे ठरवायचे तर बेंडमधून जाणाऱ्या या रेषेची लांबी मोजावी लागते.

अडचण अशी, की ही रेषा पत्र्याच्या बरोबर मध्यभागी नसते. बेंड जितका आवळलेला, तितकी ती आतल्या बाजूला सरकते. आतल्या पृष्ठभागापासून तिचे अंतर आणि पत्र्याची जाडी यांचे गुणोत्तर म्हणजे के फॅक्टर. रेषा मध्यावर असेल तर के फॅक्टर ०.५. प्रत्यक्षात तो बहुतेकदा ०.३३ ते ०.५ यांच्या दरम्यान असतो. बेंडची त्रिज्या जाडीच्या तुलनेत मोठी असेल तर तो ०.५ कडे झुकतो, लहान असेल तर खाली येतो.

कॅडमध्ये बेंड कसा तयार होतो?

सॉलिडवर्क्स, इन्व्हेंटर, फ्युजन, ऑनशेप, फ्रीकॅड अशा बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये पत्राकामासाठी शीट मेटल हा स्वतंत्र विभाग असतो. साध्या त्रिमितीय मॉडेलिंगपेक्षा तो वेगळा का, हे आधी लक्षात घ्यायला हवे. साध्या मॉडेलिंगमध्ये पेटीची एक भिंत २ मिमी आणि दुसरी ३ मिमी ठेवता येते. शीट मेटलमध्ये ते चालत नाही. सगळा भाग एकाच पत्र्यातून निघणार असल्याने जाडी सगळीकडे एकच राहते आणि प्रत्येक भाग पुन्हा सपाट उलगडता आलाच पाहिजे, हा नियम सॉफ्टवेअर पाळते.

काम सुरू होते ते नियम ठरवण्यापासून. पत्र्याची जाडी, बेंडची आतली त्रिज्या, के फॅक्टर आणि कोपऱ्यातल्या खाचांचा आकार या चार गोष्टी सुरुवातीलाच भराव्या लागतात. त्यानंतर पेटीचा तळ म्हणून पहिला सपाट तुकडा काढला जातो. त्याच्या एखाद्या कडेवर क्लिक करून उंची आणि कोन दिला, की फ्लँज म्हणजे उभी भिंत तयार होते. तळ आणि भिंत यांच्यामधला गोलावा सॉफ्टवेअर स्वतःच भरते. सपाट पत्र्यावर मधेच रेघ मारून तिथून वाकवण्याची आज्ञा असते. धारदार कड दुमडून सुरक्षित करण्यासाठी हेम असते. आधीच साध्या पद्धतीने बनवलेल्या पेटीचे शीट मेटलमध्ये रूपांतर करण्याचीही सोय बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये आहे.

शेवटी फ्लॅट पॅटर्नची आज्ञा दिली, की उभ्या भिंती उलगडून पत्रा सपाट होतो. कारखान्यात याला डेव्हलपमेंट किंवा ब्लँक म्हणतात. याच आकृतीची डीएक्सएफ फाइल लेझर मशीनकडे जाते. म्हणजे पडद्यावरचा देखणा बेंड कारखान्यात पोहोचतच नाही. पोहोचते ते सपाट पत्र्याचे माप आणि बेंडच्या रेघा. ते माप चुकले तर पुढचे सगळे चुकते.

सपाट पत्र्याचे माप कसे निघते?

एक साधी पेटी घेऊ. पत्रा २ मिमी जाडीचा, तळाची बाहेरून रुंदी २०० मिमी आणि दोन्ही बाजूंना ५० मिमी उंचीच्या भिंती. बाहेरच्या मापांची बेरीज ३०० मिमी होते. पण ३०० मिमीचा पत्रा कापला तर पेटी मोठी होईल, कारण कोपऱ्यातली जागा दोन्ही मापांत मोजली गेली आहे आणि बेंड कोपरा गाठत नाही, वळण घेऊन जातो. म्हणून प्रत्येक बेंडमागे काही लांबी वजा करावी लागते. तिला बेंड डिडक्शन म्हणतात.

९० अंशांच्या बेंडसाठी हिशेब सोपा आहे. आतल्या त्रिज्येत जाडी आणि के फॅक्टरचा गुणाकार मिळवायचा आणि आलेल्या आकड्याला १.५७ ने गुणायचे. ही झाली बेंडमध्ये खर्च होणारी पत्र्याची खरी लांबी, म्हणजे बेंड अलाउन्स. मग त्रिज्या आणि जाडी यांच्या बेरजेची दुप्पट करून त्यातून अलाउन्स वजा केला की बेंड डिडक्शन मिळते.

समजा, आराखडा करणाऱ्याने कोपरा नेटका दिसावा म्हणून त्रिज्या १ मिमी ठेवली आणि के फॅक्टर ०.५ तसाच राहू दिला. अलाउन्स येतो ३.१४ मिमी. त्रिज्या आणि जाडीच्या बेरजेची दुप्पट ६ मिमी. म्हणून एका बेंडमागे वजावट २.८६ मिमी आणि दोन बेंडची मिळून ५.७२ मिमी. सॉफ्टवेअर सांगते, २९४.२८ मिमी लांबीचा पत्रा कापा. गणितात एकही चूक नाही. चूक आहे ती गणिताला पुरवलेल्या आकड्यांत.

बेंडची त्रिज्या नेमकी कोण ठरवते?

आराखडा करणारा म्हणेल, त्रिज्या मी ठरवली. ती १ मिमी आहे. प्रेस ब्रेकला हे मान्य नसते.

आज बहुतेक ठिकाणी एअर बेंडिंग पद्धत वापरली जाते. खाली व्ही आकाराची खाच असलेली डाय, वर पंच आणि मधे पत्रा. पंच पत्र्याला खाचेत ढकलतो, पण तळापर्यंत नेऊन चेपत नाही. पत्रा डायच्या दोन खांद्यांवर टेकलेला असतो आणि मधे हवेतच वाकतो. त्यामुळे कोन ठरतो तो पंच किती खोल गेला यावरून. आतली त्रिज्या मात्र मुख्यतः व्हीच्या तोंडाच्या रुंदीवरून ठरते. साध्या पोलादी पत्र्यात ती व्हीच्या रुंदीच्या साधारण १६ टक्के येते. स्टेनलेसमध्ये ती वाढून एक पंचमांशाच्या आसपास जाते, मऊ अॅल्युमिनियममध्ये कमी राहते. पंचाचे टोक या नैसर्गिक त्रिज्येपेक्षा जाड असेल तरच बेंड पंचाचा आकार घेतो.

व्ही किती रुंद घ्यायचा, याचा कारखान्यातला रूढ नियम म्हणजे पत्र्याच्या जाडीच्या आठपट. २ मिमी पत्र्याला १६ मिमीचा व्ही. १६ चे १६ टक्के म्हणजे सुमारे अडीच मिमी. संगणकात १ मिमी लिहिलेली त्रिज्या मशीनवर अडीच मिमी होऊन येते, ती अशी.

अरुंद व्ही घेऊन त्रिज्या कमी करता येते, पण त्याची किंमत मोजावी लागते. २ मिमी जाडीचा, एक मीटर लांबीचा साधा पोलादी पत्रा १६ च्या व्हीमध्ये वाकवायला साधारण १६ टन जोर लागतो. तोच १२ च्या व्हीमध्ये वाकवायला सुमारे २१ टन लागतो. मशीनची क्षमता, डायचा टिकाऊपणा आणि पत्र्यावर उमटणारे वळ हे सगळे पाहून ऑपरेटर व्ही निवडतो. डाय बदलायला वेळ लागतो, म्हणून अनेकदा मशीनवर जी लावलेली असते तीच वापरली जाते. ही निवड आराखडा करणाऱ्याला कळवली जात नाही आणि तोही सहसा विचारत नाही.

एका चुकीच्या आकड्याची किंमत किती?

आता तीच पेटी खऱ्या आकड्यांनी मोजू. आतली त्रिज्या २.५ मिमी आणि के फॅक्टर ०.४२ धरला तर अलाउन्स येतो ५.२५ मिमी. त्रिज्या आणि जाडीच्या बेरजेची दुप्पट ९ मिमी. वजावट एका बेंडमागे ३.७५ मिमी, दोन बेंडची मिळून साडेसात. म्हणजे पत्रा हवा होता २९२.५ मिमी. लेझरने कापला २९४.२८ मिमी. पत्रा जवळपास १.८ मिमी जास्त लांब झाला.

ही जास्तीची लांबी जाते कुठे? ऑपरेटर पत्र्याची कड बॅकगेजला टेकवून दोन्ही भिंती बरोबर ५० मिमी उंचीच्या करतो. म्हणून सगळा फरक तळाच्या रुंदीत जमा होतो. २०० मिमीची पेटी २०१.८ मिमी होते. झाकण आतून २०१ मिमीचे, म्हणजे दोन्ही बाजूंना अर्धा मिलिमीटर मोकळीक ठेवून बनवलेले. ते अडते. त्यावर पावडर कोटिंगचा थर चढला की उरलीसुरली जागाही जाते.

दुरुस्तीला इथे वाव नसतो. पत्रा आखूड कापला तर तो वाढवता येत नाही. लांब कापला तर बेंड उलगडून पुन्हा वाकवणे शक्य नसते. तिथे धातू आधीच ताणलेला असतो, तडा जाण्याची भीती असते. भोकेही आपापल्या जागेवरून सरकलेली असतात. चूक उघड होते ती कापणी, वाकवणी आणि कधी रंगकामाचाही खर्च झाल्यावर. भोसरी, चाकण, वाळूज किंवा नाशिकच्या सातपूर-अंबडमध्ये दुसऱ्यांच्या ऑर्डरवर काम करणाऱ्या छोट्या वर्कशॉपला असा एक लॉट फार महागात पडतो. पत्रा गेला, मशीनचे तास गेले आणि माल वेळेत न पोहोचल्याचा बोलही लागला.

मग सगळा दोष के फॅक्टरचाच का?

कॅड शिकवणाऱ्या वर्गांमध्ये आणि व्हिडीओंमध्ये भर असतो तो के फॅक्टरवर. तो ०.३३ घ्यावा की ०.४४, यावर वाद रंगतात. वरच्या उदाहरणातला हिशेब मात्र वेगळेच सांगतो.

दोन वजावटींमधला फरक एका बेंडमागे सुमारे ०.८९ मिमी आहे. त्यातला ०.६४ मिमी एकट्या त्रिज्येमुळे आला आणि के फॅक्टरमुळे फक्त ०.२५ मिमी. म्हणजे चुकीचा जवळपास तीन चतुर्थांश भाग अशा आकड्यातून आला, ज्याकडे कोणी लक्षच दिले नव्हते. के फॅक्टर कितीही काळजीपूर्वक भरला आणि त्रिज्या मनाने ठेवली, तर फ्लॅट पॅटर्न बरोबर येणार नाही. आधी त्रिज्या, मग के फॅक्टर हा क्रम यातून ठरतो.

के फॅक्टरबाबत एक सापळा मात्र खरा आहे. सॉफ्टवेअर नवे उघडले की त्यात आधीपासून काही ना काही आकडा भरलेला असतो. सॉलिडवर्क्समध्ये तो ०.५ असतो, इन्व्हेंटर आणि फ्युजनमध्ये ०.४४. हे आकडे कोणत्याही विशिष्ट कारखान्याचे नाहीत. रिकामी जागा राहू नये म्हणून ते भरलेले असतात. एकच भाग दोन सॉफ्टवेअरमध्ये काढून फ्लॅट पॅटर्न वेगळा येतो, त्याचे कारण बहुतेकदा हेच असते.

दुसरा सापळा जर्मन पद्धतीचा. डीआयएन ६९३५ या जर्मन मानकात के फॅक्टर जाडीच्या नव्हे, तर अर्ध्या जाडीच्या तुलनेत मोजतात. त्यामुळे एका पद्धतीतला ०.४२ दुसऱ्या पद्धतीत ०.८४ होतो. फ्रीकॅडच्या शीट मेटल विभागात यातली पद्धत निवडावी लागते. ती चुकीची निवडली तर योग्य आकडा भरूनही माप चुकते.

आपल्या मशीनचा खरा आकडा कसा शोधायचा?

यासाठी महागडे उपकरण लागत नाही. पत्र्याची एक पट्टी आणि व्हर्निअर कॅलिपर पुरे.

ज्या पत्र्याचा जॉब आहे, त्याच पत्र्यातून बरोबर १०० मिमी लांबीची पट्टी लेझरवर कापायची. लेझरने कापलेले माप पुन्हा मोजून खात्री करायची. ज्या पंच-डायवर प्रत्यक्ष काम होणार आहे, तिथेच ती साधारण मध्यावर ९० अंशांत वाकवायची. कोन गुण्याने तपासायचा; तो ९० नसेल तर मापे निरुपयोगी. मग दोन्ही भुजा बाहेरून मोजायच्या. समजा त्या ५१.९० आणि ५१.८५ मिमी भरल्या. बेरीज १०३.७५. त्यातून मूळ लांबी १०० वजा केली की ३.७५ मिमी उरतात. हेच त्या पत्र्याचे, त्या डायवरचे, त्या मशीनचे बेंड डिडक्शन.

एका पट्टीवर विसंबू नये. तीन पट्ट्या वाकवून सरासरी घ्यावी. रेडिअस गेजने आतली त्रिज्याही मोजून ठेवावी. सॉफ्टवेअरमध्ये थेट बेंड डिडक्शन भरण्याची सोय असेल, तर आलेला आकडा तसाच भरता येतो. फक्त के फॅक्टर भरता येत असेल, तर मोजलेली त्रिज्या आणि वजावट यांवरून तो उलटा काढता येतो. वरच्या पट्टीत त्रिज्या २.५ मिमी असेल तर अलाउन्स ९ वजा ३.७५ म्हणजे ५.२५. त्याला १.५७ ने भागले की ३.३४. त्यातून त्रिज्या वजा करून जाडीने भागले, की ०.४२.

कोणती धातू, किती जाडी, कोणता व्ही आणि किती वजावट असा चार रकान्यांचा तक्ता तयार झाला, की तो सॉफ्टवेअरच्या नियमांमध्ये किंवा बेंड टेबलमध्ये साठवता येतो. पुढच्या प्रत्येक जॉबला तोच वापरायचा. मात्र डाय बदलली, पत्र्याचा पुरवठादार बदलला किंवा काम दुसऱ्या वर्कशॉपकडे गेले, की पट्टी पुन्हा वाकवून पाहणे आले.

गेजचा घोळ काय आहे?

बाजारात पत्रा आजही गेजमध्ये मागितला जातो. १६ गेज म्हणजे १.६ मिमी, १८ गेज म्हणजे १.२ मिमी हे आपल्याकडे तोंडपाठ असते. हे माप जुन्या ब्रिटिश पद्धतीचे आहे. सॉफ्टवेअरमधले तयार तक्ते मात्र अनेकदा अमेरिकी पद्धतीचे असतात. त्यात पोलादी पत्र्याचा १६ गेज १.५१९ मिमी भरतो. अमेरिकी पद्धतीत जस्ताचा थर असलेल्या पत्र्यासाठी पुन्हा वेगळा आकडा आहे, १.६१३ मिमी.

उपाय सोपा आहे. ड्रॉइंगवर गेज न लिहिता जाडी मिलिमीटरमध्ये लिहावी. आलेला पत्रा मायक्रोमीटरने मोजावा आणि तेच माप मॉडेलमध्ये भरावे. शीट मेटल विभागात जाडी एकाच ठिकाणी बदलली, की सगळे बेंड आणि फ्लॅट पॅटर्न आपोआप नव्याने मोजले जातात. या सोयीचा खरा उपयोग इथे होतो.

सॉफ्टवेअर कोणत्या गोष्टींवर गप्प राहते?

पडद्यावर जे वाकते ते मशीनवर वाकेलच असे नाही. काही गोष्टी आराखडा करणाऱ्यानेच पाहाव्या लागतात.

पहिली गोष्ट फ्लँजच्या उंचीची. वाकताना पत्रा व्हीच्या दोन्ही खांद्यांवर टेकलेला राहिला पाहिजे. त्यासाठी फ्लँजची उंची व्हीच्या रुंदीच्या किमान ७० टक्के लागते. १६ च्या व्हीवर ती साधारण ११ मिमी. संगणकात ५ मिमीची फ्लँज आनंदाने तयार होते. मशीनवर तिची कड खाचेत घसरते.

दुसरी भोकांची. बेंडच्या फार जवळ भोक असेल तर पत्रा वाकताना ते ओढले जाऊन अंडाकृती होते. भोकाची कड बेंडपासून जाडीच्या अडीच पट अधिक आतली त्रिज्या एवढी दूर असावी, असा सर्वसाधारण नियम आहे. आपल्या उदाहरणात हे अंतर साडेसात मिमी येते.

तिसरी कोपऱ्यांची. फ्लँज पत्र्याच्या पूर्ण कडेवर नसून मधल्या भागातच असेल, तर बेंडच्या टोकाला पत्रा फाटतो. तिथे बेंड रिलीफ, म्हणजे छोटी खाच, द्यावी लागते. तिची रुंदी निदान पत्र्याच्या जाडीएवढी आणि खोली बेंडचा गोलावा ओलांडणारी हवी.

चौथी वाकवण्याच्या क्रमाची. चारही बाजूंनी भिंती असलेल्या खोल पेटीत शेवटचा बेंड मारताना आधी वाकवलेल्या भिंती पंचाला किंवा मशीनच्या बीमला धडकू शकतात. सॉफ्टवेअर भिंती एकाच वेळी उभ्या करते, ऑपरेटरला त्या एकामागून एक वाकवायच्या असतात.

पाचवी धातूच्या स्वभावाची. वाकवलेला पत्रा पंच वर गेल्यावर थोडा उघडतो. हा स्प्रिंगबॅक. साध्या पोलादापेक्षा स्टेनलेसमध्ये तो जास्त असतो. तो भरून काढण्याचे काम ऑपरेटर करतो; मॉडेलमध्ये कोन ९० च ठेवायचा. काही अॅल्युमिनियम मिश्रधातू मुळातच वाकायला कुरकुरतात. ५०५२ हा प्रकार सहज वाकतो, तर ६०६१-टी६ आवळलेल्या बेंडवर तडकतो. ड्रॉइंगवर नुसते 'अॅल्युमिनियम' लिहिणे म्हणूनच अपुरे ठरते.

लेझरकडे फाइल पाठवताना काय पाहावे?

हिशेब बरोबर असूनही अखेरच्या टप्प्यावर घात होऊ शकतो. डीएक्सएफमध्ये बेंडच्या रेघा आणि कापायच्या रेघा वेगवेगळ्या लेयरवर असाव्यात. तसे नसेल आणि कापणाऱ्याच्या लक्षात आले नाही, तर लेझर बेंडच्या रेघेवरूनच पत्रा कापतो. फाइल मिलिमीटरमध्ये आहे की इंचात, हे स्पष्ट हवे. इथली गफलत माप २५.४ पटीने बदलते. कोणता बेंड वर आणि कोणता खाली, हे प्रत्येक रेघेपाशी लिहावे. नाही तर डाव्या बाजूचा भाग उजव्या बाजूचा होऊन येतो.

सोबत तयार भागाचे मापांसह ड्रॉइंग पाठवणे सर्वांत महत्त्वाचे. त्यात कोणते माप सांभाळायचेच आणि कुठे थोडे मागेपुढे चालेल, हे सांगितलेले असावे. झाकण बसायचे असेल तर तळाची रुंदी महत्त्वाची, भिंतीची उंची अर्धा मिलिमीटर कमी-जास्त झाली तरी बिघडत नाही. हे ठाऊक असलेला ऑपरेटर आधी एक नग वाकवून रुंदी मोजेल आणि फरक आढळला तर उरलेले ४९ पत्रे कापायच्या आधीच फोन करेल.

शिकणाऱ्यांनी सुरुवात कुठून करावी?

सॉफ्टवेअरची किंमत ही आता सबब राहिलेली नाही. फ्रीकॅड पूर्णपणे मोफत आणि मुक्त आहे. त्याची १.० ही आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली. शीट मेटलचा विभाग त्यात अॅडऑन म्हणून वेगळा जोडावा लागतो. ऑनशेप ब्राउझरमध्ये चालते. मोफत योजनेत त्यावरची कामे सार्वजनिक राहतात, त्यामुळे ग्राहकाचे काम तिथे करू नये. सरावाला मात्र ते उत्तम, कारण वाकवलेला भाग, सपाट पत्रा आणि बेंडचा तक्ता शेजारी शेजारी दिसतात. फ्युजनची वैयक्तिक, अव्यावसायिक वापरासाठी मोफत आवृत्ती आहे.

पत्र्याच्या पेट्या आणि धान्याच्या कोठ्या बनवणाऱ्या जुन्या कारागिरांकडे यातले काहीच नव्हते. बाहेरच्या मापांऐवजी आतली मापे मिळवा, पत्रा तेवढा कापा, हा त्यांचा ढोबळ नियम. आपल्या पेटीत आतली मापे ४८, १९६ आणि ४८ अशी येतात. बेरीज २९२ मिमी. खरे माप २९२.५. सॉफ्टवेअरने चुकीच्या आकड्यांवर दिलेल्या २९४.२८ पेक्षा हा अंदाज कितीतरी जवळचा आहे. याचा अर्थ सॉफ्टवेअर कुचकामी आहे असा नव्हे. बारा बेंडची, पन्नास भोकांची जाळीदार पेटी तोंडी हिशेबावर निघत नाही. पण कारागिराचा नियम त्याच्या हाताखालच्या पत्र्यातून आलेला होता आणि सॉफ्टवेअरलाही तोच आधार द्यावा लागतो. आयटीआय किंवा पदविकेच्या विद्यार्थ्याने पहिला बेंड पडद्यावर काढण्याआधी वर्कशॉपमध्ये जाऊन एक पट्टी वाकवावी, ती मोजावी आणि ऑपरेटरला एवढेच विचारावे : या पत्र्याला व्ही कितीचा लावता?